एका डब्यावर दोन टीव्ही

आमच्या घरात टीव्ही दोन होते आणि सेट टॉप बॉक्स एक. तो डबा वरच्या मजल्यावर मामंजींच्या खोलीत असायचा, कारण डिशची छत्री गच्चीवर आणि गच्चीला सगळ्यात जवळची खोली त्यांची. डब्याच्या मागून आणखी एक काळी तार निघायची, खिडकीतून बाहेर पडायची आणि भिंतीवर लोंबकळत खाली दिवाणखान्यातल्या टीव्हीपर्यंत यायची. त्यामुळे मामंजी वर जे लावतील तेच खाली दिसायचं. खालच्या रिमोटने आवाज कमीजास्त व्हायचा आणि टीव्ही बंद व्हायचा, एवढंच. चॅनेल बदलायचं तर जिना चढून मामंजींना सांगायला हवं. आम्हा दोघांना टीव्हीचं फारसं वेड नाही आणि मुलं नोकऱ्यांना बाहेरगावी, म्हणून हा कारभार वर्षानुवर्षं खपून गेला.

खपत नव्हता तो यजमानांपुढे. दशाश्वमेधच्या मागच्या गल्लीतलं आमचं घर उपाध्यांचं. महाराष्ट्रातून काशीला येणारी काही घराणी पिढ्यान्‌पिढ्या आमच्याकडेच उतरतात. श्राद्ध, गंगापूजन, अस्थी, सगळं आमच्या घरातूनच होतं, आणि मुक्कामही दिवाणखान्यात नाहीतर शेजारच्या खोलीत. ही माणसं म्हणजे आमचे यजमान. आता गल्लोगल्ली हॉटेलं झाली तरी त्यांतली बरीच अजून येतात आणि पोह्यांत दाणे नाहीत म्हणून तक्रारही करतात. मी लग्न होऊन इथे आले तेव्हा मला वाटलं होतं, चार दिवस पाहुणे आहेत, जातील. ते गेले, दुसरे आले. तीस-पस्तीस वर्षं हेच चाललंय.

यजमानांचं सगळं पूर्वी मामंजी करत. त्यांचा संकल्पाचा आवाज घाटाच्या वरच्या पायरीवर उभं राहूनही स्वच्छ ऐकू येई. मग त्यांना अर्धांगाचा झटका आला. उजवं अंग लुळं पडलं आणि बोलणं जवळजवळ गेलंच. भिंत धरून ते खोलीतल्या खोलीत चालत, एखाददुसरा शब्द महत्प्रयासाने बाहेर काढत. उपाध्येपण यांच्याकडे, म्हणजे माझ्या नवऱ्याकडे आलं. मामंजी वर गेले ते वरच राहिले. त्यांचं जेवण वर, औषध वर, आणि सोबतीला टीव्ही.

आणि तो टीव्ही ते लहर लागेल तसा बदलत. म्हणजे आम्हाला तरी तसंच वाटायचं. खाली कोणी सातारकर पाय पसरून क्रिकेट बघत बसलेले असावेत आणि एकाएकी पडद्यावर कीर्तनकार उभे राहावेत. दुसऱ्या दिवशी कीर्तनाच्या जागी मराठी बातम्या. कधी भरदुपारी कार्टून. मांजर उंदरामागे धावतंय, आणि खाली पितरांना पिंड देऊन आलेली गंभीर मंडळी एकमेकांच्या तोंडाकडे बघताहेत. मी नाक मुठीत धरून वर जायची. "मामंजी, खाली लोक बघताहेत, जरा बदला." ते माझ्याकडे बघत, काहीतरी पुटपुटत, आणि कधी बदलत, कधी नाही. चढण्या-उतरण्यानेच माझं डोकं तापलेलं असायचं. ते पुटपुटणं समजून घ्यायला मी कधी थांबले नाही.

मला त्यांची लाज वाटायची. हे सरळ लिहिलेलं बरं. त्यांच्या लुळ्या हाताची नाही, तोंडातून गळणाऱ्या लाळेचीही नाही. ते सगळं मी पुसत होते, धूत होते आणि त्याबद्दल मनातल्या मनात स्वतःची पाठही थोपटून घेत होते. लाज वाटायची ती त्या कार्टूनची. एवढा मोठा माणूस, ज्यांच्या पाया पडायला रांग लागायची, तो म्हातारपणी मांजर-उंदीर बघत बसतो आणि ते साऱ्या घराला दिसतं. फोनवर बहिणीला मी म्हणायचे, "अगं, आता अगदी पोरासारखं झालंय त्यांचं." ती च्‌च्‌ करायची, आणि मला बरं वाटायचं.

गेल्या थंडीत माझ्या माहेरच्या गावचं एक कुटुंब आलं. नुसतं गावचं नाही, आमच्याच आळीतलं. आजी-आजोबा, मुलगा-सून आणि दोन नातवंडं. माहेरचं माणूस दारात आलं की बाईचं काय होतं ते बाईलाच ठाऊक. मी पडदे धुतले, सोफ्यावर नवे अभ्रे घातले, आणि यांना बजावून ठेवलं की त्यांच्यापुढे तुमचं ते बनारसी मराठी पाजळू नका. यांचं सगळं शिक्षण इथलं, त्यामुळे "यजमान लोक काय सोचतील" असलं मराठी हे बिनदिक्कत बोलतात. माझ्या आईने तर जावयाचं पहिलं वाक्य ऐकून पदराआड तोंड लपवलं होतं.

संध्याकाळी आजोबा बातम्या बघत बसले होते. त्यांच्या भागातल्याच कसल्यातरी निवडणुकीची बातमी चालली होती आणि ते अगदी पुढे सरकून ऐकत होते. नातवंडं कंटाळून एकमेकांचे केस ओढत होती. मी चहाचा ट्रे घेऊन आले आणि नेमकं कार्टून लागलं. पोरं ओरडली, उड्या मारायला लागली. आजोबांच्या तोंडचा घासच काढून घेतला जणू. ते हातातला रिमोट दाबत राहिले, आणि मांजर काही जाईना.

"वरून लागतं ते," मी म्हटलं. "एकच डबा आहे ना."

"वर मुलं आहेत वाटतं लहान?" आजींनी कौतुकाने विचारलं.

आणि मी "हो" म्हणाले. विचार करून नाही, तोंडातून निघूनच गेलं. माहेरच्या माणसांपुढे सासऱ्यांचं नाव घेण्यापेक्षा नसलेली मुलं मला सोपी वाटली.

आजी प्रेमळ. त्यांनी पिशवीतून घरचा चिवडा नि लाडवांचा डबा काढला आणि मी स्वयंपाकघरात वळले तेवढ्यात मुलांना खाऊ द्यायला जिना चढून वर गेल्या. मी परत आले तर त्या खाली उतरत होत्या. हातात तसाच डबा. चेहऱ्यावर राग नव्हता, हसू नव्हतं, काहीच नव्हतं. "एक लाडू दिला हो त्यांना," एवढंच म्हणाल्या आणि माझ्याकडे न बघता बसल्या. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. हे गावी जाऊन आळीभर होणार, हे मला तिथल्या तिथे दिसलं.

रात्री जेवणं झाल्यावर मी यांना सांगून टाकलं, "तारा बदला. खालचा टीव्ही वेगळा, वरचा वेगळा. नाहीतर मी तो डबा गंगेत टाकून येते."

"अगं, एवढी कशाला परेशान होतेस," हे म्हणाले. "बोलून देतो मी मिस्त्रीला."

मिस्त्री रामनगरचा होता, पूल ओलांडून मोटरसायकलवर आला. खांद्यावर नव्या पांढऱ्या तारेचं भेंडोळं. आधी गच्चीवर जाऊन त्याने जुनी तार बघितली आणि हसायलाच लागला. माकडांनी ती जागोजागी चावली होती, तीवर झोकेही घेतले होते, आणि आम्ही दरवेळी चिकटपट्टी गुंडाळून वेळ मारून नेली होती. एका जोडाची पट्टी त्याने सोडवली तर आतलं तांबं हिरवं पडलेलं. "इतने दिन चला कैसे?" तो म्हणाला. मला त्याचीही लाज वाटली. आपल्या घरातलं फाटकं-तुटकं परक्या माणसाने उजेडात धरून बघावं, तसं.

त्याने छत्रीच्या तोंडाशी दोन तारा निघतील असा भाग बसवला. एक तार मामंजींच्या खोलीत, दुसरी थेट खाली दिवाणखान्यात, आणि तिथे नवा डबा. तारेचं टोक तो चाकूने सोलायचा, वरच्या बारीक तारा मागे दुमडायचा, मधली तांब्याची तेवढी पुढे ठेवायचा आणि त्यावर पितळी टोपण फिरवून घट्ट करायचा. मी मामंजींच्या खोलीत उभी होते, कारण भिंतीला भोक पाडताना त्यांच्या अंथरुणावर चुना पडत होता. मामंजी पलंगावर बसून सगळं बघत होते. मिस्त्रीने जुन्या डब्यामागची खाली जाणारी तार उपसली तेव्हा ते एकदम अस्वस्थ झाले. डावा हात उचलून "खाली... खाली..." म्हणायला लागले.

"नंतर नेते खाली," मी म्हटलं. "आत्ता पसारा आहे."

त्यांनी मान हलवली, नाही, नाही. पुन्हा "खाली." मग त्या तारेकडे बोट.

"हो हो. नवीन लावतोय तो. चित्र छान दिसेल तुम्हाला."

मिस्त्री भोकातून तार ओढत हसून म्हणाला, "बाबा को नीचे वालों की चिंता है. अब तक तो पूरे घर का टीवी यही चलाते थे." मीही हसले. मिस्त्रीला चहा दिला. जुनी तार त्याने गुंडाळून पिशवीत टाकली, आणि संध्याकाळी खालच्या टीव्हीवर मी स्वतः, सोफ्यावर बसून, चार-पाच चॅनेलं उगाचच बदलून बघितली. फार दिवसांनी मोकळं वाटलं.

त्यानंतर आलेले पहिले यजमान वऱ्हाडातले. नवरा-बायको आणि त्यांची चार-पाच वर्षांची मुलगी. त्या माणसाचे वडील नुकतेच गेले होते, अस्थी घेऊन आले होते. सकाळचे विधी आटोपून सगळे दमून बसलेले. पोरीला काय कळणार? ती सकाळपासून उन्हात, गर्दीत, अनोळखी बायकांच्या मांडीवर. तिने जे भोकाड पसरलं ते थांबेचना. आई थोपटतेय, बाप सुन्नपणे टीव्हीवर बाजारभाव का कायसं बघतोय.

आणि वरून कार्टूनचा आवाज यायला लागला. साधासुधा नाही, सगळा आवाज सोडलेला. आमच्या मधल्या चौकावर वरच्या मजल्याला लोखंडी जाळी आहे, उजेड खाली यावा म्हणून. त्या जाळीतून ते संगीत दणदण खाली येत होतं. अस्थिविसर्जन करून आलेली माणसं घरात, आणि वर हे! माझ्या अंगाचा तिळपापड झाला. आता तर वायरचंही निमित्त नव्हतं. दातओठ खात मी जिना चढले.

"मामंजी, आवाज..." म्हणत वर पोचले आणि थांबले.

ते पलंगावर नव्हते. भिंत धरत धरत खोलीबाहेर आले होते आणि जाळीच्या कडेला खुर्चीवर बसले होते. डावा हात लांब करून त्यांनी रिमोट जाळीतून खाली, दिवाणखान्याच्या दाराकडे धरला होता. बटण दाबायचे, कान द्यायचे, खाली पोरीचं रडणं ऐकायचे. परत दाबायचे, अंगठा पांढरा पडेपर्यंत. खोलीतल्या टीव्हीवर मांजर धावत होतं, त्याच्याकडे त्यांची पाठ होती.

मला बघून त्यांना हायसं वाटलेलं दिसलं. त्यांनी रिमोट मांडीवर ठेवला, मागचं झाकण अंगठ्याने सरकवलं आणि दोन्ही सेल माझ्या तळहातावर ओतले. मग खाली बोट दाखवून "पोर..." म्हणाले. रडणाऱ्या माणसाने म्हणावं तसं. आणि सेलांकडे बोट. सेल संपत आलेत म्हणून खाली लागत नाही, बदल, असं.

मी सेल मुठीत धरून जिना उतरले. उतरता उतरता एकेक डोळ्यांपुढे यायला लागलं, आणि नको नको झालं. कीर्तन लागायचं ते गुडघे दुखणाऱ्या म्हाताऱ्या बायका घाटावरच्या आरतीला न जाता घरीच बसायच्या तेव्हा. मराठी बातम्या लागायच्या त्या पुरुषमंडळी आरतीहून परत आली, दारात चपलांचा आवाज झाला की. कार्टून फक्त घरात पोरं असली की. यजमान नसायचे त्या दिवसांत, कडक उन्हाळ्यात, मामंजींचा टीव्ही बंदच असायचा. डोळ्यांना त्रास होत असेल, असं आम्ही आपसांत ठरवून टाकलं होतं. विचारलं नव्हतं. ते त्या जाळीतून खालचं घर ऐकत होते. कोण आलंय, कोण दमलंय, कोण रडतंय. पूजा सांगता येत नव्हती, गप्पा मारता येत नव्हत्या, म्हणून हाताशी होतं तेवढ्याने ते आल्यागेल्याचं करत होते. आणि माझ्या आळीतल्या आजोबांच्या बातम्या बुडाल्या खऱ्या, पण ती दोन पोरं कंटाळलेली त्यांनी वरून ओळखली होती, मी समोर असून नाही.

मिस्त्रीसुद्धा ते बोलून गेला होता. मी हसले होते.

दिवाणखान्यात पोरगी हुंदके देऊन देऊन लाल झाली होती. "काकू, इथं कार्टून लागते का हो?" तिची आई ओशाळून म्हणाली. मी नवा रिमोट घेऊन कार्टून लावलं. वर चाललेलंच लागलं. पोरीने एक मोठा हुंदका अर्ध्यात सोडला आणि पडद्याकडे बघायला लागली. थोड्या वेळाने तिने आईच्या ओढणीला नाक पुसलं आणि हसली. बापाने तिला जवळ घेतलं आणि तिच्या केसांत तोंड खुपसून स्वतः रडायला लागला, घरातून निघाल्यापासून पहिल्यांदा, असं त्याची बायको नंतर म्हणाली.

मी परत वर गेले तेव्हा सेल माझ्या मुठीतच होते. हे माझ्या लक्षात आलं नव्हतं. मामंजींच्या आलं. वरच्या दणदणाटातूनही खालचं कार्टून ऐकू येत होतं, पोरीचं हसू येत होतं, आणि त्यांच्या मांडीवर झाकण उघडलेला रिकामा रिमोट होता. त्यांनी रिमोटकडे पाहिलं. माझ्या मुठीकडे पाहिलं. खाली जाळीतून पाहिलं. बुद्धीला झटका बसलेला नव्हता त्यांच्या. तसं आम्हीच धरून चाललो होतो, कारण ते आम्हाला सोयीचं होतं.

"आता वेगळं झालंय, मामंजी," मी म्हटलं. "तारा वेगळ्या केल्या ना त्या दिवशी. तुमचं खाली दिसत नाही आता. खालचं खालीच लागतं."

ते बराच वेळ ओठ हलवत राहिले. मी वाट पाहिली. इतक्या वर्षांत त्यांच्या शब्दाची एवढी वाट मी कधी पाहिली नव्हती.

"का?" ते म्हणाले.

उत्तर मला येत होतं. ते जिभेवर आलंही होतं. तुमची लाज वाटली म्हणून. माझ्या माहेरच्या माणसांना मी तुम्ही नाहीच असं सांगितलं म्हणून. पण ते डोळे माझ्याकडे लागलेले, आणि त्यात तक्रार नव्हती, नुसता प्रश्न होता. घरातलं एखादं काम आपल्याला न विचारता काढून का घेतलं, असा.

"यजमानांची सोय," मी म्हटलं. "त्यांना हवं ते बघता यावं म्हणून."

त्यांच्या कपाळावरची आठी गेली. अगदी दिसेल अशी गेली. यजमानांची सोय म्हटल्यावर त्या माणसाला पुढे काही विचारायचंच नव्हतं, जन्मभर त्याने दुसरं केलं काय होतं? त्यांनी मान डोलावली, एकदा, दोनदा.

"बरं केलंस," ते म्हणाले. शब्द दोनच, पण स्वच्छ आले.

मी तिथेच जाळीजवळ खाली बसले. शिव्या घातल्या असत्या, रिमोट फेकून मारला असता, तर मी उठून कामाला लागले असते. मामंजी भिंत धरून उठले. मी हात द्यायला गेले तर नको म्हणाले. एकेक पाऊल टाकत खोलीत गेले आणि त्यांच्या टीव्हीचं भिंतीवरचं बटण बंद केलं. खाली ती पोर हसत होती, ते नीट ऐकू यावं म्हणून.